नऊ एकांचा वर्ग: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येबद्दल कुणी सांगेल का?

पाठकोरा_कागद (रविवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. नाशकात इंदिरानगरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गणिताशी संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. पण गेले चार दिवस आमच्या घरात एका संख्येने ठाण मांडलंय, आणि ती मला नीट समजून घ्यायची आहे.

लेक सातवीत आहे. तिच्या शिकवणीतून सुट्टीसाठी प्रश्नांची छापील पुस्तिका मिळाली. त्यात हे होतं:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

खाली प्रश्न होता, नऊ एक घेतले तर किती? दहा एक घेतले तर? मागच्या पानावर उत्तरं होती. नऊ एकांना १२३४५६७८९८७६५४३२१ आणि दहा एकांना १२३४५६७८९१०९८७६५४३२१.

पहिलं उत्तर तिला पटलं, दुसऱ्यावर ती अडून बसली. म्हणाली, "आई, एका घरात दहा कसे बसतील?"

दुकानात वाया गेलेल्या झेरॉक्सचे पाठकोरे कागद ढिगाने पडलेले असतात. त्यातले चार आडवे चिकटवले, पट्टीने रकाने आखले आणि दोघींनी मिळून गुणाकार मांडला. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. उजव्या टोकाच्या रकान्यात एकटा एक. त्याच्या शेजारी दोन, मग तीन. मधल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नऊच्या नऊ, आणि तिथून पुन्हा उतरण. गंगेच्या घाटाच्या पायऱ्या या काठाला उतरतात आणि समोरच्या काठाला चढतात, तसा तो कागद दिसत होता. बेरीज करताना एकदाही हातचा आला नाही.

मग दहाची मांडणी केली. मधल्या रकान्यात दहा आले. शून्य लिहिलं, हातचा एक. पुढच्या रकान्यात नऊ होते, त्यात हातचा मिळून पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या पुढच्या आठाचे नऊ झाले आणि तिथे गाडी थांबली. आमचं उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१.

पुस्तिकेतलं उत्तर वीस अंकी आणि आमचं एकोणीस अंकी. शिकवणीत विचारल्यावर "छापलंय ते बरोबर आहे" एवढंच ऐकून पोर घरी आली. रात्री जेवली नाही धड. कोण बरोबर आहे ते सांगा. आणि त्या सतरा अंकी संख्येत आणखी काय दडलंय तेही सांगा, कारण ती आता तिचा पिच्छा सोडत नाहीये.

निवृत्त_गणित (सोमवार, सकाळी ६:४८)

ताई, तुमची लेक बरोबर आहे. तिला आधी पोटभर नाश्ता द्या, मग हे वाचून दाखवा.

गुणाकार तपासायचा तर आमच्या वेळी ताळा घेत. नवाचा ताळा सगळ्यांना येतो. दहा एकांची बेरीज १०, म्हणजे बीज १ (एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत गेलं की उरतो तो अंक म्हणजे बीज). वर्गाचं बीजही १ च यायला हवं. तुमच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८२, म्हणजे १०, म्हणजे १. जमलं. आता पुस्तिकेतल्या उत्तराची बेरीज करा. ती ९१ येते, म्हणजे १०, म्हणजे १. तेही जमलं! चुकीचं उत्तर नवाच्या ताळ्यातून सहीसलामत सुटतं, हे मुलीला आवर्जून दाखवा.

आता अकराचा ताळा. उजवीकडून एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या. त्यांची वजाबाकी शून्य किंवा अकराच्या पटीत आली, तर संख्येला अकराने भाग जातो. दहा एकांच्या संख्येला अकराने भाग जातो (पाच एक इकडे, पाच तिकडे), म्हणजे तिच्या वर्गालाही जायलाच हवा. तुमच्या उत्तरात दोन्ही बेरजा ४१ येतात. पुस्तिकेतल्या उत्तरात एक ४६ आणि दुसरी ४५. फरक एकाचा. तिथेच ते उत्तर बाद.

आकृतिबंध नऊपर्यंत चालतो तो एकाच कारणाने: एका रकान्यात नवापर्यंत बेरीज मावते. १२३४५६७८९८७६५४३२१ ही त्या रांगेतली हातचा न घेता उभी राहणारी शेवटची संख्या.

ठिपके_नऊ_ते_एक (सोमवार, सकाळी ११:३०)

मी पंचवटीत राहते. गणितातलं मला फार कळत नाही, पण हे वाचून अंगणातली रांगोळीच डोळ्यांसमोर आली, म्हणून लिहिते.

वर एक ठिपका. खालच्या ओळीत दोन, वरच्या ठिपक्याच्या दोन्ही अंगांना. मग तीन, मग चार, असं करत नऊपर्यंत जायचं आणि पुन्हा आठ, सात करत एकावर यायचं. ही रांगोळी आम्ही लहानपणापासून काढतो. ती चौकट नऊ बाय नऊचीच असते, फक्त कोपऱ्यावर उभी केलेली! मान वाकडी करून पाहिलं की तिरक्या रांगा दिसतात, नऊ रांगा आणि प्रत्येकीत नऊ ठिपके. म्हणजे १+२+३+…+९+…+३+२+१ = ८१, बेरीज करायचीसुद्धा गरज नाही.

ताईंनी चिकटवलेला कागद हाच ना? नऊ ओळी, नऊ एक, फक्त सरकवलेल्या.

निवृत्त_गणित (सोमवार, दुपारी १२:०५)

ताई, वर्गात शिकवताना मला हे सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. अगदी हाच तो कागद.

आणि या ८१ ला धरूनच पुढे जाता येतं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आता संख्येलाच ८१ ने भागून पाहा. १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. कारण सरळ आहे. नऊ एकांच्या संख्येच्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला नवाने भाग जातो. म्हणून तिच्या वर्गाला ९ × ९ ने जातो. आणि तो भागाकारही वर्गच आहे, १२३४५६७९ चा.

१२३४५६७९ कडे जरा थांबून पाहा. यात आठ नाही. १२३४५६७९ × ९ = ११११११११. थांबा, एक कमी लिहिला, नऊ एक: १११११११११. आणि १ ला ८१ ने भागलं तर दशांश चिन्हानंतर ०१२३४५६७९ हेच अंक अखंड फिरत राहतात. तिथला आठही हातच्यानेच खाल्ला आहे, दहा एकांच्या वर्गात खाल्ला तसाच.

मूळ अवयव पाडले तर नऊ एकांची संख्या = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. हे ३३३६६७ मूळ संख्याच आहे, ते आणखी फुटत नाही. म्हणजे आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विषम आहेत, आणि वर्गसंख्येला विभाजक नेहमी विषमच असतात. मुलीला का ते विचारा. जोड्या लावायला सांगा.

सातपूर_शिफ्ट (सोमवार, रात्री ११:५०)

धागा कामावरून येताना बसमध्ये वाचला आणि घरी पोहोचल्या पोहोचल्या लॅपटॉप उघडला.

कृपा करून कुणी ही संख्या मशीनवर तपासायला जाऊ नका, निदान भलत्या ठिकाणी. एक्सेलमध्ये टाकली तर शेवटचे दोन अंक शून्य होतात, १२३४५६७८९८७६५४३००. तिथे पंधराच अंक धरून ठेवतात. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला गुणाकार करायला लावला तर १२३४५६७८९८७६५४३२० येतं, शेवटचा १ गायब. दोनाच्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत तिथे प्रत्येक पूर्णांक नेमका मांडता येतो. त्याच्या पुढे दोन-दोनच्या उड्या सुरू होतात आणि आपली संख्या त्या हद्दीच्या पलीकडे आहे. विषम असल्यामुळे ती दोन उड्यांच्या मधे पडते आणि शेजारच्या सम संख्येवर ढकलली जाते. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मात्र पूर्णांक हवा तेवढा लांब घेता येतो, तिथे ती पूर्ण आणि बरोबर येते.

पाठकोऱ्या कागदावर सतराच्या सतरा अंक बरोबर आले, हे मला फार भारी वाटलं.

चाळीसगावचा (मंगळवार, सकाळी ८:२०)

वाचायची कशी ही संख्या? आजच्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. बोलताना "एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी…" असं म्हणावं लागतं आणि दम लागतो.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत प्रत्येक स्थानाला स्वतःचं नाव आहे: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा स्थानं. त्या शिडीवर आपली संख्या अशी चढते:

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

मोठ्याने म्हणून बघा. परार्धाच्या एक पायरी अलीकडे थांबते ती. माझं गाव चाळीसगाव, नोकरीमुळे नाशकात आहे. गावाजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, १२०७ सालचा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. लहानपणी तिथे सहलीला गेलो की आम्ही फक्त धबधबा बघायचो. आता मुलाला घेऊन जाणार आहे.

कॅनडा_कॉर्नर (मंगळवार, सकाळी ९:१५)

ही कापरेकर संख्या आहे का? मी असं ऐकलंय की संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे आणि बेरीज करायची, की मूळ संख्या परत येते. नऊ एकांचा वर्ग इतका देखणा आहे, म्हणजे येत असणारच.

देवळालीकर (मंगळवार, दुपारी ४:४०)

कापरेकरांचं नाव निघालं, आता मला लिहावंच लागेल. मी देवळालीतच वाढलो.

आधी प्रश्नाचं उत्तर. कापरेकर संख्या म्हणजे उदाहरणार्थ ७०३. तिचा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. आता नऊ एकांच्या वर्गाचे तसेच तुकडे करू. उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडे उरतात १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९. म्हणजे मूळ संख्या परत येत नाही, तिची नऊपट येते. म्हणून नऊ एकांची संख्या कापरेकर संख्या नव्हे. पण बेरजेत नऊच्या नऊ ९ येतात ही गंमत उगाच नाही. आपल्या संख्येला ९९९९९९९९९ ने पूर्ण भाग जातो, म्हणून तुकड्यांची बेरीजही त्याच्याच पटीत येणार. आणि ९९९९९९९९९ ही स्वतः मात्र कापरेकर संख्या आहे! तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, तुकडे ९९९९९९९९८ आणि १.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी. त्यापुढे विद्यापीठातलं शिक्षण नाही. १९३० ते १९६२ आमच्या देवळालीत शाळामास्तर. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ मांडली: चार अंकी कोणतीही संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तराला परत तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि तिथेच अडकते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगाला ते नाव कळलं. १९८६ मध्ये ते गेले. देवळालीच्या रस्त्यांवरून चालणारा हा माणूस इतका मोठा होता, हे आमच्या गावातल्या किती मुलांना माहीत आहे? मला खरंच वाईट वाटतं.

आता या धाग्याशी थेट नातं सांगतो. १, १२१, १२३२१ अशी चढत जाणारी ही जी रांग आहे, तिला कापरेकरांनीच नाव दिलंय, डेम्लो संख्या. तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डेम्लो स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली. आणि अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं, आनंद देणारी. सरांनी वर ८१ ने भाग घालवून दाखवला तेच. म्हणजे ताईंची संख्या दोन्हीकडून कापरेकरांच्याच घरातली आहे.

अजून एक प्रकार आहे, आणि त्याला त्यांनी आमच्या गावाचं नाव दिलं. देवळाली संख्या. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. १५ + १ + ५ = २१. म्हणजे २१ चा जनक १५. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २० ला जनकच नाही, कुठल्याही संख्येपासून सुरुवात केली तरी २० येत नाही. अशा बिनजनकाच्या, आपल्या आपण असलेल्या संख्या म्हणजे देवळाली संख्या. ३१, ४२, ५३ अशा पुष्कळ आहेत.

ताई, तुमच्या लेकीला माझ्याकडून एवढंच विचारा: १२३४५६७८९८७६५४३२१ ही देवळाली संख्या आहे का?

पाठकोरा_कागद (मंगळवार, रात्री ९:३०)

काका, तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ती म्हणाली, "सतरा अंकी आहे, मी सगळ्या संख्या कशा तपासू?" आणि हिरमुसली. सर, काही वाट आहे का?

निवृत्त_गणित (मंगळवार, रात्री ९:५५)

वाट आहे, आणि सातवीच्या मुलीला जमेल अशी आहे. उत्तर मी सांगणार नाही.

सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त किती? सतरा नव्वे १५३. म्हणजे जनक आपल्या संख्येपेक्षा फार तर १५३ ने लहान. ३२१ मधून १५३ गेले तरी १६८ उरतात, म्हणजे उसनं घ्यायला डावीकडे जावंच लागत नाही. पहिले चौदा अंक जसेच्या तसे राहणार: १२३४५६७८९८७६५४. त्यांची बेरीज तिला करायला सांगा. मग प्रश्न उरतो फक्त शेवटच्या तीन अंकांचा.

पाठकोरा_कागद (बुधवार, रात्री ११:१०)

सापडलं. आज दुकान अर्धा तास आधी बंद केलं.

पहिल्या चौदा अंकांची बेरीज ७५. ३२१ मधून ७५ गेले, उरले २४६. म्हणजे अशी तीन अंकी संख्या हवी, जी स्वतः अधिक तिचे अंक मिळून २४६ होईल. लेकीने आधी शंभरातल्या पाहिल्या. सगळ्यात मोठी १९९, तिच्यात १९ मिळवून २१८ च होतात. पुरत नाहीत. तीनशेच्या तर आधीच पुढे गेल्या. म्हणजे शतकाच्या घरात दोनच. शतकाचे दोनशे आणि वरचा अंक दोन, मिळून २०२. २४६ ला ४४ कमी. दशकाचा प्रत्येक अंक अकरा देतो (दहा स्वतःचे आणि एक बेरजेत), एककाचा प्रत्येक अंक दोन देतो. ४४ म्हणजे दशकात चार आणि एककात शून्य. दशकात तीन घेतले तर अकरा उरतात, त्यांचे दोन सारखे भाग पडत नाहीत. दोन घेतले तर बावीस उरतात, म्हणजे एककात अकरा हवेत. ते होत नाही.

म्हणजे २४०. जनक एकच: १२३४५६७८९८७६५४२४०.

अंकांची बेरीज ७५ + ६ = ८१. मिळवून पाहिलं, बरोबर ३२१ वर आली. आपली संख्या देवळाली संख्या नाही. लेक जनक म्हणायला तयार नाही, ती "आई" म्हणते. आईच्याही अंकांची बेरीज ८१, लेकीच्याही ८१. हे बघून ती उड्या मारत होती.

निवृत्त_गणित (गुरुवार, सकाळी ६:३०)

शाबास! आणि ऐका. लेकीला, म्हणजे आपल्या मूळ संख्येला, ८१ ने भाग जातो. आई तिच्यापेक्षा नेमकी ८१ ने लहान. म्हणजे आईलाही ८१ ने भाग जाणारच. तिच्या अंकांची बेरीजही ८१, म्हणून आईही हर्षद. आता लेकीत ८१ मिळवून पुढची पिढी बघा: १२३४५६७८९८७६५४४०२. शेवटी ४०२, बेरीज ७५ + ६, पुन्हा ८१! तीन पिढ्या हर्षद. त्याच्या पुढची ४८३ वर संपते, तिची बेरीज ९० होते आणि तिथे माळ तुटते, कारण ३ वर संपणाऱ्या संख्येला ९० ने भाग जात नाही.

मी ३४ वर्षं गणित शिकवलं. हे मला आज पहाटे कळलं.

देवळालीकर (गुरुवार, सकाळी ७:०५)

आणि आईची आई?

पाठकोरा_कागद (गुरुवार, रात्री १०:४०)

काका, तुमचे ते तीन शब्द शाळेत जायच्या आधी तिने वाचले आणि दिवसभर डोक्यात घेऊन फिरली. संध्याकाळी दुकानाच्या काउंटरवर बसून केलं. मी गिऱ्हाइकांची आधार कार्डं काढत होते, ती शेजारी पुटपुटत होती.

२४० मधून ७५ गेले, १६५. (पहिले चौदा अंक इथेही हलत नाहीत, २४० मधून १५३ गेले तरी ८७ उरतात. हे तिने स्वतः तपासलं.) शतकात शून्य घेतलं तर सगळ्यात जास्त ९९ अधिक १८, म्हणजे ११७. पुरत नाही. शतकात दोन घेतले तर २०२, पुढे गेलं. म्हणजे शतकात एकच, १०१. उरले ६४. दशकात पाच घेतले तर नऊ उरतात, दोन सारखे भाग नाहीत. तीन घेतले तर एकतीस, तेही विषम. दोन घेतले तर बेचाळीस, एककात एकवीस हवेत. राहिले चार. चार घेतले तर वीस उरतात. म्हणजे एककात…

इथे तिने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आई, दहा. परत दहा. एका घरात बसत नाहीत."

म्हणजे आईला आई नाही. १२३४५६७८९८७६५४२४० ही देवळाली संख्या आहे. आमच्या नऊ एकांच्या वर्गाची आई देवळालीची.

देवळालीकर (गुरुवार, रात्री १०:५२)

मी हे तीनदा करून पाहिलं. बरोबर आहे. डोळे भरून आले ताई, आणखी काही लिहिता येत नाही. उद्या सकाळी फिरायला जाईन तेव्हा मनात हीच संख्या असेल.

सातपूर_शिफ्ट (शुक्रवार, मध्यरात्र १२:३०)

पायथॉनमध्ये तपासलं. १२३४५६७८९८७६५४२४० च्या आधीच्या दोनशे संख्या एकेक घेऊन अंक मिळवून पाहिले. एकीपासूनही ती येत नाही. आणि ३२१ वाली फक्त २४० वालीपासूनच येते. मशीनचा निकाल आणि काउंटरवरचा निकाल एकच.

ठिपके_नऊ_ते_एक (शुक्रवार, सकाळी ८:००)

आज दारात नऊ ते एकची रांगोळी काढली. ठिपके मोजत नाही मी कधी, आज मोजले. शेजारणीने विचारलं, आज काय आहे? तिला सगळं सांगितलं.

पाठकोरा_कागद (शनिवार, रात्री ९:२०)

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

चिकटवलेला कागद घेऊन लेकीसोबत शिकवणीत गेले. तिथल्या मॅडमनी आधी कागद पाहिला, मग सरांनी सांगितलेला अकराचा ताळा फळ्यावर स्वतः केला. ४६ आणि ४५. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग वर्गातल्या सगळ्यांना पुस्तिका उघडून ते उत्तर खोडायला सांगितलं आणि नवीन उत्तर लेकीकडून फळ्यावर लिहून घेतलं. त्यांचे मनापासून आभार.

दुसरं, काल रात्रीपासून आठ एकांचा वर्ग सुरू आहे, १२३४५६७८७६५४३२१. तिला वाटलं याचीही आई देवळालीचीच निघेल. इथे पहिल्या बारा अंकांची बेरीज ५८ आहे. आई निघाली २५३ वर संपणारी. पण तिलाही आई आहे, १८३ वर संपणारी. तिलाही आहे, १२१ वर. तिलाही, ०५४ वर. आता ५४ मधून ५८ जात नाहीत, म्हणजे डावीकडच्या चारातून एक उसना घ्यावा लागणार आणि बेरीज ५८ ची ५७ होणार, हे तिचं तिनेच ओळखलं. आत्ता ती ९९७ घेऊन बसली आहे. पाठकोरे कागद संपत आलेत, उद्या दुकानातून आणखी आणते.